‘ई-कॅडहेरिन काही भागात नाहीसे’: मूत्राशयाच्या गाठीच्या अहवालातली ओळ कशी वाचायची

निफाड तालुक्यातून एका मुलाने विचारलं आहे. वडील ६३ वर्षांचे, घरची द्राक्षबाग, तरुणपणापासून बिडी. दोनेक महिने अधूनमधून लघवी लाल व्हायची, दुखत काहीच नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून सब्जा आणि धण्याचं पाणी चालू होतं. शेवटी नाशिकला दुर्बिणीतून गाठ काढली. अहवालात चार गोष्टी आहेत: हाय ग्रेड (आक्रमक दिसणारा) युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग; लॅमिना प्रोप्रियात, म्हणजे अस्तराखालच्या थरात, शिरकाव; नमुन्यात स्नायू आढळला नाही; आणि ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन, काही भागात नाहीसे. मुलाने मोबाइलवर शोधलं. ‘ई-कॅडहेरिन गेलं की कर्करोग पसरतो’ असं वाचून घरात कोणी दोन दिवस धड जेवलेलं नाही. त्याचा प्रश्न असा: वडिलांचा कर्करोग पसरला का? आणि पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांवरचं नवीन औषध आलंय म्हणतात, ते आत्ताच सुरू करावं का?

आधी उत्तर देते, मग कारण सांगते. ई-कॅडहेरिन काही भागात दिसलं नाही म्हणजे कर्करोग पसरला, असा अर्थ होत नाही. पसरला आहे की नाही हे ती ओळ सांगूच शकत नाही. ते सीटी स्कॅन सांगेल आणि दुसऱ्यांदा घेतलेला नमुना सांगेल. नवीन औषध आत्ता नाही. पण त्या अहवालात तातडीची ओळ आहे, आणि ती म्हणजे ‘स्नायू आढळला नाही’. तुमचा सगळा जीव ई-कॅडहेरिनवर अडकला आणि ही ओळ नजरेतून सुटली, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. मी नाशिकमध्ये २२ वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते, आणि अशी चूक सुशिक्षित घरांतही होताना पाहिली आहे.

मूत्राशयाला आतून पेशींचं अस्तर असतं. मूत्राशय रिकामं असताना ते पाच ते सात थरांचं दिसतं, भरलं की ताणून पातळ होतं. दिवसातून सहा-सात वेळा ताणायचं, पुन्हा आकसायचं, आणि एवढं होऊनही लघवीचा थेंब उलटा रक्तात झिरपू द्यायचा नाही, असं त्याचं काम. हे जमतं ते पेशींच्या पकडीमुळे. ही पकड तीन दिशांनी असते. सगळ्यात वरच्या मोठ्या छत्रीसारख्या पेशी एकमेकींना कडेने घट्ट शिवलेल्या असतात, तिथे क्लॉडिनसारखी प्रथिनं पाणी अडवतात. मधल्या थरांत शेजारणीने शेजारणीला धरलेलं असतं, तिथलं मुख्य प्रथिन ई-कॅडहेरिन. आणि सर्वांत खालच्या पेशी इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालच्या पातळ पडद्यात, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये, रुतून बसलेल्या असतात.

ई-कॅडहेरिनचा एक भाग पेशीच्या बाहेर असतो आणि एक आत. बाहेरचा हात शेजारच्या पेशीतून आलेल्या तशाच हाताला धरतो. ही पकड टिकायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियमवर चालणारी ही प्रथिनं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी ओळखली आणि त्यांना कॅडहेरिन हे नाव मिळालं. सीबीसीसाठी रक्त घेतात ती जांभळ्या झाकणाची नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर तेच ईडीटीए घातलं की एकमेकींना चिकटलेल्या पेशी हळूहळू सुटायला लागतात. विद्यार्थी असताना मी ते पहिल्यांदा पाहिलं, आणि पकड म्हणजे काय हे तेव्हा मला खरं कळलं.

आतला भाग कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. हात बाहेर, खांदा आत, असं समजा. खांदा निखळला तर हात दिसत असूनही ओढ पेलत नाही. म्हणून काही गाठींत ई-कॅडहेरिन रंगतं, पण कॅटेनिन बिघडलेलं असतं आणि पकड गेलेलीच असते. उलट दिशेने, पकड शाबूत असेल तर शेजारी भिडलेल्या पेशींची वाढही आवरली जाते. म्हणजे हे प्रथिन नुसता डिंक नाही, लगामही आहे.

वडिलांना समजावायचं असेल तर त्यांना मणीगळ सांगा. घड वरून चांगला दिसतो, पण पॅकिंगच्या वेळी हातात उचलला की मणी सुटून क्रेटमध्ये पडतात, कारण देठाची पकड सैल झालेली असते. द्राक्षात ती सैल होण्याची कारणं अगदी वेगळी आहेत, तेव्हा तुलना इथेच थांबवते. पण ज्याने बागेत हयात घालवली त्याला सुटणं म्हणजे काय हे एका वाक्यात कळतं. माझ्याकडे आलेल्या एका बागाईतदार आजोबांनी हे ऐकून लगेच विचारलं होतं, ‘मग किती मणी सुटलेत, ते सांगा.’ प्रश्न अगदी बरोबर होता.

हे सुटणं आम्हाला लघवीच्या तपासणीत अक्षरशः दिसतं. संथ, लो ग्रेड गाठीच्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्या लघवीत कमी पडतात, पडल्या तरी पुंजक्याने, आणि दिसायला जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच. म्हणून सायटोलॉजीत, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीत, लो ग्रेड गाठ बऱ्याचदा नजरेतून निसटते. हाय ग्रेड गाठीच्या पेशी मात्र सुट्या, एकेकट्या, काळपट मोठ्या केंद्रकांच्या, लघवीतून वाहत येतात. पकड गेली म्हणूनच त्या आमच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर पोचतात. दुर्बिणीत गाठ अशी काही दिसत नाही, फक्त थोडा लालसरपणा आहे, आणि लघवीत अशा पेशी मिळतात, तेव्हा अस्तरात सपाट पसरलेला कार्सिनोमा इन सिटू असण्याची शंका घ्यावी लागते. त्यात कधी असं होतं की बायोप्सी घेतली तर अस्तरच जागेवर नसतं. पेशी सगळ्या गळून गेलेल्या, खाली उघडा पडलेला थर. नवखा पॅथॉलॉजिस्ट ‘कर्करोग आढळला नाही’ लिहून मोकळा होतो. तिथे ‘अस्तर गळलेलं आहे, लघवीची सायटोलॉजी पाहा’ एवढं लिहिलं तर माणूस वाचतो. मी स्वतः अशा काचांवर कधीकधी दोन-दोन दिवस घालवते.

याच कामात आम्हाला आणखी एका चिकटणाऱ्या प्रथिनाची मदत होते, सीडी ४४. ते पेशींना हायलुरोनिक ॲसिडशी जोडतं. निरोगी अस्तरात ते फक्त तळाच्या पेशींवर असतं. जंतुसंसर्गाने किंवा खड्याने अस्तर सुजलं, पेशी विचित्र दिसू लागल्या, तर सीडी ४४ सगळ्या थरांवर पसरतं. कार्सिनोमा इन सिटूमध्ये उलट, ते बहुधा नाहीसं होतं आणि सायटोकेरॅटिन २० हे दुसरं प्रथिन वरपासून खालपर्यंत रंगतं. सूज की कर्करोग, हा आमचा रोजचा पेच, आणि तो बरेचदा या जोडीने सुटतो.

आता तुमच्या वडिलांच्या अहवालातले ‘काही भागात’ हे शब्द.

ई-कॅडहेरिनची तपासणी म्हणजे गाठीच्या पातळ कापावर अँटीबॉडी घालून रंग आणणे. प्रथिन असेल तिथे पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, सगळीकडे असेल तर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. जाळी तुटलेली दिसली की ‘काही भागात नाहीसे’. पण दुर्बिणीतून गाठ काढताना विजेच्या तारेने कापतात, कडा जळतात. जळलेल्या पेशींत रंग नीट उमटत नाही. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मेलिन द्रावणात तो उशिरा पडला तरी तेच. माझ्याकडे एकदा एका रुग्णालयातून नमुना कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आला होता. त्यावर काही रंगलंच नसतं, आणि त्यावरून कोणी ‘प्रथिन गेलं’ म्हटलं असतं तर ते धादांत चुकीचं ठरलं असतं. म्हणून त्याच काचेवरचं निरोगी अस्तर नीट रंगलं आहे का, हे आधी बघायचं. तुम्ही पॅथॉलॉजिस्टना थेट विचारा: ‘निरोगी भाग रंगला होता का? नाहीसं झालेला भाग जळलेल्या कडेला आहे, की गाठ आत शिरते आहे तिथे?’ कोणताही चांगला पॅथॉलॉजिस्ट याचं उत्तर आनंदाने देईल.

गाठ आत शिरते त्या टोकाला ई-कॅडहेरिन पातळ होणं हे हाय ग्रेड गाठींत वारंवार दिसतं. १९९० च्या दशकापासून अनेक अभ्यासांत ते कमी असणाऱ्या रुग्णांचा आजार सरासरीने जास्त आक्रमक आढळला. पण सरासरी ही शेकडो माणसांची असते. एका माणसाचं शस्त्रक्रियेचं किंवा औषधाचं पान त्यावरून उलटत नाही, कारण ग्रेड, खोली, कार्सिनोमा इन सिटू सोबत आहे का आणि गाठींची संख्या, या गोष्टी त्याहून अधिक स्पष्ट बोलतात.

त्यात आणखी एक गुंता आहे. हे प्रथिन तीन वाटांनी जातं. एक, त्याचं जनुक, सीडीएच १, तुटतं, मग ते कायमचं गेलं. दोन, जनुक शाबूत असतं पण त्यावर मेथिलचे गट बसून ते मुकं होतं. तीन, स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब अशी नावं असलेली नियंत्रक प्रथिनं त्याला तात्पुरतं दाबून ठेवतात. या तिसऱ्या वाटेने पेशी शेजारणीचा हात सोडते, लांबट होते, हिंडायला लागते, आणि कधीकधी एन-कॅडहेरिन हा दुसऱ्या जातीचा हात पुढे करते, जो आसपासच्या जोडऊतींच्या पेशींनाही धरू शकतो. दूरच्या अवयवात जाऊन बसली की तीच पेशी पुन्हा ई-कॅडहेरिन बनवू शकते. म्हणजे पसरलेल्या कर्करोगातही ते हजर असू शकतं. त्यामुळे ‘नाही म्हणजे पसरला’ हे जसं चूक, तसं ‘आहे म्हणजे सुरक्षित’ हेही चूकच.

पण एका प्रकारात ही ओळ खरोखर वजनदार आहे, आणि तो प्रकार नाही ना हे तुम्ही विचारलंच पाहिजे. त्याला प्लाझ्मासायटॉइड म्हणतात. पेशी गोल, सुट्या, एकेक करून ऊतीत विखुरलेल्या, कुठे पुंजकाच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गाठींपैकी ८४ टक्क्यांत सीडीएच १ जनुक निकामी झालेलं आढळलं. इथे पकड काही भागात नव्हे, जवळजवळ सगळीकडे गेलेली असते. हेच जनुक बिघडल्याने पोटाचा विखुरलेला कर्करोग आणि स्तनाचा लोब्युलर कर्करोग होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिघांचा चेहरा सारखा दिसतो. मूत्राशयातला हा प्रकार पोटाच्या आतल्या पडद्यावर पातळ थराने पसरतो. गाठ बनवत नसल्यामुळे स्कॅनवर तो आहे त्यापेक्षा कमी दिसतो. त्यात थांबून बघायला वेळ नसतो, मूत्राशय काढण्याची चर्चा लवकर होते. तुमच्या अहवालात हा शब्द नाही, आणि ‘काही भागात’ हे वर्णनही त्याच्याशी जुळत नाही. तरी काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला हरकत नाही.

लॅमिना प्रोप्रियात शिरकाव म्हणजे काय, तेही पकडीच्या भाषेत सांगते. तळच्या पेशींचं अल्फा-६ बीटा-४ इंटिग्रिन खालच्या पडद्यातल्या लॅमिनिनला धरून असतं. निरोगी अस्तरात ते पेशीच्या फक्त खालच्या बाजूला, एका ओळीत असतं. शिरकाव करणाऱ्या गाठीत ही ओळ विस्कटते, पेशी नांगर उचलते, पडदा विरघळवणारी एन्झाइम्स सोडते आणि खालच्या थरात उतरते. तिथवर टी-१. त्याच्याही खाली मूत्राशयाचा जाड स्नायू, त्यात शिरली की टी-२. टी-१ आणि टी-२ मध्ये उपचारांचा सगळा रस्ता बदलतो: एकीकडे मूत्राशय ठेवून त्यात औषध सोडणं, दुसरीकडे बहुधा केमोथेरपी आणि मूत्राशय काढणं, किंवा निवडक रुग्णांत रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन ते वाचवणं.

म्हणून स्नायूची ओळ. स्नायू नमुन्यात आलाच नसेल, तर गाठ त्यात शिरली आहे की नाही हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही. अहवाल टी-१ म्हणतो तो ‘निदान टी-१’ असा वाचायचा. अशा वेळी दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीतून त्याच जागेचा, स्नायूसकट, नमुना घ्यायचा असतो. टी-१ हाय ग्रेडमध्ये तर स्नायू आलेला असला तरी ही दुसरी टीयूआर, म्हणजे दुर्बिणीतून गाठ कापून काढण्याची शस्त्रक्रिया, सांगितली जाते, कारण उरलेली गाठ सापडण्याचं प्रमाण खूप आहे. स्नायू नसेल तर टाळाटाळीला जागाच नाही. ऑक्टोबर छाटणी उरकून बघू, असं वडील म्हणतील. आमच्या भागातले अनेक वडील म्हणतात. छाटणी भावाकडे, जावयाकडे, मजुरांकडे सोपवा. सहा आठवड्यांचा हिशोब पहिल्या शस्त्रक्रियेच्या तारखेपासून होतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी आधी बोलून घ्या.

दुसऱ्या नमुन्यातही टी-१ च निघालं, तर पुढे बहुधा बीसीजी. क्षयाची लस म्हणून आपण ओळखतो तीच, मूत्राशयात सोडलेली. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली आणि अजून तिला तोड नाही. आठवड्याला एक अशा सहा मात्रा, मग पुढे टप्प्याटप्प्याने एक ते तीन वर्षं. तिथेही खेळ चिकटण्याचाच. बीसीजीचे जिवाणू अस्तराच्या खरचटलेल्या जागी फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला धरतात, आणि त्या मार्गे पेशीवरच्या इंटिग्रिनशी जोडले जातात. चिकटले तरच आपली प्रतिकारशक्ती तिथे धावून येते. लघवीतून रक्त येत असताना किंवा शस्त्रक्रियेनंतर लगेचच मात्र ते देत नाहीत, कारण जिवाणू रक्तात जाण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मूत्राशयात सोडतात ते मायटोमायसिनसारखं औषध वेगळं. गाठ कापताना सुटलेल्या पेशी तरंगत दुसरीकडे जाऊन चिकटू नयेत हा त्याचा एक हेतू. तो डोस मुख्यतः कमी धोक्याच्या गाठींत कामाचा आहे, वडिलांना दिला नसेल तर त्याची खंत करू नका.

नवीन औषधाचं म्हणाल, तर तुम्ही वाचलं ते एन्फोर्टुमॅब वेडोटिन असावं. नेक्टिन-४ हेही पेशींना जोडणारं प्रथिन, आणि मूत्राशयाच्या बहुतेक कर्करोगांवर ते भरपूर असतं. हे औषध म्हणजे नेक्टिन-४ ला शोधणारी अँटीबॉडी आणि तिला बांधलेलं विष. अँटीबॉडी दार ठोठावते, पेशी तिला आत घेते, विष आत सुटतं. पेशीने ज्या हाताने शेजारणीला धरायचं तोच इथे आपल्या उपयोगी पडतो. अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरात त्याला पहिली मान्यता मिळाली. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधासोबत दिल्यावर पसरलेल्या आजारात रुग्णांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ, ३१.५ महिने झालं, नेहमीच्या केमोथेरपीत ते १६.१ महिने होतं. या आजारात इतका मोठा फरक मी माझ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता, आणि ते आकडे वाचले त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते. पण वडिलांचा आजार आज आहे त्या टप्प्यावर, म्हणजे टी-१ असताना, हे औषध देत नाहीत. त्वचेवरही नेक्टिन-४ असल्याने पुरळ उठतं, हातापायांना मुंग्या येतात, साखर वाढते. शिवाय ते फार महाग आहे. त्याच्यासाठी जमीन गहाण टाकण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. ते पैसे आत्ता दुसऱ्या टीयूआरला आणि नियमित तपासण्यांना लागणार आहेत.

बिडी आजपासून बंद. तंबाखूच्या धुरातली ॲरोमॅटिक अमाइन्स रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत येऊन तासन् तास या अस्तराला भिडून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांमागे धूम्रपान आहे. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांत हा आजार जर्मनीच्या लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिला होता. तुमच्या घरात किंवा ओळखीत नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांत काम करणारं कोणी असेल आणि त्याची लघवी एकदा जरी लाल झाली, दुखत नसलं तरी, त्याला सब्ज्यावर ठेवू नका.

उद्या दोन कामं करा. पहिलं, युरोलॉजिस्टना भेटून दुसऱ्या टीयूआरची तारीख घ्या आणि ‘या वेळी स्नायूचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवाल का’ असं विचारा. दुसरं, लॅबमधून काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते रुग्णाला मिळतात. मुंबईला टाटा रुग्णालयात मत घ्यायचं ठरलं तर तेच लागतील. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.